पंचेचाळीस सेकंद उशिराचा कावळा

"व्हिडिओत सगळं दिसू राहिलं ना!"

"व्हिडिओत दिसतंय ते अर्धं आहे, आत्या."

"अर्धं? मंग उरलेलं अर्धं काय गंगेत वाहून गेलं?"

"वाहून नाही गेलं. छाटलं गेलं. मीच छाटलं."

"घ्या! आता म्हणती मीच छाटलं." नवसाआत्याने हातातली गवारीची शेंग कट्‌कन मोडली आणि परातीत फेकली. "व्हिडिओ तू काढला, तूच धाडला. कॅनडापासून इगतपुरीपर्यंत समद्यांनी पाह्यला. आन् आता तूच नाय म्हणती. सोनार कधी आपल्याच दागिन्याला पितळ म्हणतो का गं?"

"पितळ नाही म्हणत मी. त्यात दादाचा आवाज आलेला नाही, एवढंच म्हणतेय. फोन तुझ्याच हातात होता ना? तू ऐकलंस ना, दादा काय बोलला ते?"

"ऐकलं आसंल."

"असेल? पहिले पंधरा दिवस तूच भेटायला येईल त्याला सांगत होतीस, ज्ञानूच्या शब्दाला शिवला म्हणून!"

"तवा व्हिडिओ कुढं पाह्यला व्हता मी?"

हर्षालीने कपाळावर हात मारला. आत्याने दुसरी शेंग मोडली. ओट्यावर आबा, हर्षालीचे वडील, बसले होते, पाठ दाराकडे, तोंड मळ्याकडे. त्यांच्या कानावर हे सगळं जात होतं. चार दिवस जात होतं.

मखमलाबादच्या मळ्यातल्या या घरातली भागीबाई, म्हणजे हर्षालीची आई, जाऊन चौतीस दिवस झाले होते. दहाव्याला तिच्या पिंडाला कावळा शिवला, तो कोणी दिलेल्या शब्दाला शिवला, यावरून हे भांडण. कावळ्याचं भांडण म्हटलं की शहरातली माणसं हसतील. पण हैदराबादच्या एका कंपनीने हर्षालीला नोकरी देऊ केली होती, आणि 'येते' किंवा 'येत नाही' हे तिला आज संध्याकाळी सातच्या आत कळवायचं होतं. आणि मध्ये कावळा बसला होता.

हर्षाली एकतीस वर्षांची. ती काय काम करते ते घरात कोणालाच धड सांगता येत नाही. आत्या सांगते, "लग्नाचं लाइव्ह करती." ते चूक नाही, पण स्वयंपाक करणाऱ्या बाईला 'काडी ओढती' म्हणावं तसं आहे. इंदिरानगरात कोंडाजीकाकांचा फोटो स्टुडिओ आहे. अकरा वर्षांपूर्वी ती तिथे लग्नाचे अल्बम जुळवायला लागली. मग ती साथीची दोन वर्षं आली. लग्नाला पन्नास माणसं, बाकीचे सगळे आपापल्या घरात फोन धरून बसलेले. काका म्हणाले, "हर्षाली, लोक म्हणतायत लाइव्ह पाहिजे. तुला येतं का?" ती म्हणाली, "येतं." येत नव्हतं. पंधरा दिवसांत शिकली.

कॅमेऱ्यातून एकच भलंमोठं चित्र येतं. ते जसंच्या तसं पाठवलं तर कॅनडातल्या ज्ञानेशदादाच्या, म्हणजे तिच्या भावाच्या, वायफायवर धावेल, आणि इगतपुरीला धो-धो पावसात मामींच्या फोनवर जागीच बसेल. म्हणून हर्षालीचं मशीन ते चित्र उलगडतं आणि पुन्हा पाच मापांत बांधतं. सगळ्यात मोठं १०८०, सगळ्यात लहान २४०. पाचही मापांचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे करून पुढे सोडतं. बघणाऱ्याचा फोन आपल्याला जसा रस्ता मिळेल तसा तुकडा उचलतो. रस्ता अरुंद झाला की लहान माप, मोकळा झाला की पुन्हा मोठं. नवरीचा चेहरा घटकाभर पुसट होतो, पण लग्न थांबत नाही. मध्येच ती गोल चकरी फिरायला लागणं हा हर्षालीला स्वतःचा अपमान वाटतो.

आबांना तिने हे एकदा फुलांवरून समजावलं होतं. आबा गुलाब लावतात, शेवंती लावतात, पहाटे फुलबाजारात नेतात.

"आबा, लांब दांडीचा गुलाब वेगळा काढता ना? आखूड वेगळा, मोडका हाराला. झाड एकच."

"म्हंजे तू निवडणी करती."

"हो. तसंच."

"मशीन करतं का तू करती?"

"करतं मशीन. मी त्याला सांगते."

"मंग बराबर. मीबी आता बायांना नुसतं सांगतो."

त्या दिवसापासून फुलबाजारात कोणी विचारलं की आबा सांगत, "पोरगी निवडणीच्या कामाला हाये. इंदिरानगरला."

एक गोष्ट मात्र तिने त्यांना सांगितली नव्हती, कारण त्यांना ती कधी लागेल असं वाटलं नव्हतं. फोन आलेले तुकडे लगेच दाखवत नाही. आधी काही साठवतो, मग दाखवायला सुरुवात करतो. नळ गेला तरी टाकीतलं पाणी येत राहतं, तसं. टाकी जेवढी मोठी तेवढं चित्र न अडखळता चालतं, आणि तेवढंच ते मागे राहतं. विंचूरच्या एका लग्नात नवरदेवाचा दुबईतला चुलता फोनवर स्पीकर लावून हजर होता. इथे हार घालून झाले, वाजंत्री वाजून थांबली, लोक पंगतीकडे वळले, आणि तेवढ्यात फोनमधून चुलते गरजले, "सावधान! टाका रे अक्षता, बघत काय बसले!" अख्खा मांडव लोळला. नवरदेव म्हणाला, "काका, आम्ही जेवायला निघालो, तुम्ही या सावकाश."

ही लग्नं भागीबाईनेही बघितली. चार वर्षं ती अंथरुणाला होती, उजवी बाजू गेलेली. डाव्या हाताशी फोन उशीला टेकवून ठेवायचा आणि हर्षालीने कामाला निघायचं. "आज कोणाचं गं?" हा तिचा रोजचा प्रश्न. ओळखीचं कोणी नसायचं. तरी संध्याकाळी हर्षाली घरी आली की आई सगळं सांगायची. नवरीच्या मावशीने कसं तोंड पाडलं होतं, कोणाचा शालू पडद्याच्या कापडासारखा दिसत होता, आणि भटजी मध्येच घड्याळ कसं बघत होते. त्या चार वर्षांत पुण्याची एक नोकरी आली आणि गेली. हर्षालीने ती घरात सांगितलीच नाही.

हैदराबादचं मात्र सांगितलं. मोठे सामने, लाखो माणसं एकाच वेळी बघणारी. तिथे हे काम करायला माणूस हवा होता. तीन मुलाखती झाल्या. पत्र आलं ते तिने कोंडाजीकाकांच्या प्रिंटरवर छापून घरी आणलं. आईने डाव्या हाताने कागद धरला, उलटा.

"लांब हाये का?"

"एक रात्र रेल्वेची."

"मंग जवळच हाये की."

त्यानंतर सहाव्या दिवशी ती गेली.

ज्ञानेशदादा येऊ शकला नाही. त्याचे कागद तिकडे कचेरीत पडलेले. देशाबाहेर पडला असता तर परत जाता आलं नसतं. फोनवर तो रडला, आणि मग म्हणाला, "हर्षू, दहावा मला नीट बघायचाय. मागच्या लग्नाला चकरीच फिरत बसली होती. या वेळी अडकलं तर मी भिंतीवर डोकं आपटून घेईन."

"नाही अडकणार," ती म्हणाली.

सुतकात यंत्राला हात लावायचा का, यावर आत्या आणि गुरुजींचं आधी एकदा झालं. गुरुजी म्हणाले, "आजकाल सगळे लावतात, मावशी. मागच्या गुरुवारी तर यजमान स्वतःच सेल्फी घेत होते." मग गंगेच्या, म्हणजे गावच्या नदीच्या, घाटावर, पायऱ्यांवर, एका मोठ्या छत्रीखाली हर्षाली लॅपटॉप मांडून बसली. पिंडापासून वीस पावलं लांब. कॅमेऱ्यावर कोंडाजीकाका. गुरुजींच्या उपरण्याला माइक. सुरुवातीला चार शब्द बोलायला तिच्या स्वतःच्या कानाला दुसरा माइक, तो चालूच राहिलेला. दादासाठी तिने साठा नेहमीपेक्षा मोठा ठेवला. बघणारे पंचेचाळीस सेकंद मागे राहतील, राहू देत. आणि शेजारी आणखी चार घरांचे विधी चालले होते, चार गुरुजी, चार घरची रडारड. ते सगळं आपल्या चित्रात येऊ नये म्हणून तिने लांबचे बारीक आवाज छाटायची सोय चालू केली. माइकच्या जवळ बोलेल त्याचंच ऐकू जाईल.

दोन्ही गोष्टी तिने अगदी नीट केल्या. तिथेच ती सापडली.

कावळा येईना. म्हणजे आला होता, घाटाच्या भिंतीवर बसला होता, आणि पिंडाकडे असा बघत होता, जसा पाहुणा ताटाकडे बघतो पण बसत नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

"काही राहिलंय का मनात?" गुरुजी म्हणाले. "बोला. मोकळं बोला."

आबा पिंडासमोर बसले होते. ते पुटपुटले, "तुझ्या भावाशी बोलंन मी. बांधावरचं विसरलो." कावळा हलला नाही.

आत्या म्हणाली, "भागे, तुझी पैठणी मी नाय नेणार, पोरीलाच ठिवंन." कावळ्याने पंख साफ केले.

"दर्भाचा कावळा करू या," गुरुजी हळूच म्हणाले. "पुढचे यजमान खोळंबलेत."

आबांनी मान हलवली. नाही. दर्भाचा नाही.

तेव्हा आत्या वळून ओरडली, "हर्षे! तिढून काय बघू राहिली? तू बोल! तुझ्यातच जीव गुंतला तिचा!"

हर्षालीची बोटं कळफलकावर होती. तिच्यासमोर एकेचाळीस बघणाऱ्यांची यादी होती. त्यात वरच दादा, सगळ्यात मोठ्या मापावर, एकदाही न अडखळता. घाटावरची सगळी तोंडं तिच्याकडे वळली. अशा वेळी माणूस जे बोलतं तेच ती बोलली. "आई, मी आबांना सोडून कुठे जाणार नाही."

कावळ्याने मान वाकडी केली आणि तो उडाला. पिंडाकडे नाही. उलट बाजूला, पार पलीकडच्या दिव्याच्या खांबावर. घाटावरच्या प्रत्येकाने ते पाहिलं. कॅमेऱ्याने नाही पाहिलं. कॅमेरा पिंडावर रोखलेला.

"ज्ञानू, आता तूच रे बाबा!" आत्याने त्याला लावलेला फोन पिंडाकडे उंच धरला. स्पीकरमधून दादाचा पत्र्यासारखा आवाज आला. "आई... आबांना मी इकडे घेऊन येतो. हर्षूला जाऊ दे, तिला जायचंय तिथे. तिच्या पायात मी कोणाला येऊ देणार नाही." मग एक हुंदका, आणि फोन कट.

दहा सेकंद गेले असतील. कावळा खांबावरून सरळ खाली आला आणि पिंडाला चोच लावली. आबांनी हात जोडले. आत्याने हंबरडा फोडला.

हे घाटावरचं. आता कॅनडात, ब्रॅम्प्टनमधलं ऐका. तिथे दादा शब्द देऊन, फोन ठेवून, पडद्याकडे बघत बसला. पडद्यावर पिंड तसाच, आणि आत्या कोणाला तरी काहीतरी सांगतेय. काही घडत नाही. घडेल कसं, तो पंचेचाळीस सेकंद मागचं बघत होता. मग त्याला पडद्यावर हर्षालीचा आवाज आला, अगदी स्वच्छ. 'मी आबांना सोडून कुठे जाणार नाही.' मग थोडी शांतता, तीत त्याचा स्वतःचा आवाज छाटून गेलेला. आणि मग कावळा. त्याच्या घड्याळाने सगळं सरळ होतं. मी बोललो, आला नाही. ती बोलली, आला.

पंधरा दिवसांनी घरच्या ग्रुपवर व्हिडिओ गेला तेव्हा सगळ्यांनी तेच पाहिलं. इगतपुरीच्या मामींनी लिहिलं, 'शेवटी लेकीच्याच शब्दाला शिवला, डोळे भरून आले.' खाली बत्तीस हात जोडलेले. जे घाटावर स्वतः उभे होते त्यांनीही हात जोडले. आत्याने तो व्हिडिओ चारदा पाहिला, आणि चौथ्यांदा बघून झाल्यावर तिला तसंच आठवायला लागलं.

हर्षालीने समजावून पाहिलं. साठा, तुकडे, छाटलेला आवाज. आत्या म्हणाली, "तुझं ते इंग्रजी ऱ्हाऊ दे. येक सांग, आई तुझ्या शब्दाला आली नाय, हे तू तुझ्या तोंडानं म्हणू राहिली ना?"

या प्रश्नावर हर्षाली तीन दिवस अडली होती. कारण हो, तेच म्हणायचं होतं तिला. आईने माझा शब्द घेतला नाही. हे सिद्ध झालं तरच तिची सुटका होती.

चौथ्या दिवशी, गवारीच्या त्या भांडणानंतर, ती गाडी काढून इंदिरानगरला गेली.

स्टुडिओत कोंडाजीकाका एका मुलीचा पासपोर्टचा फोटो काढत होते. "हनुवटी वर. एवढी नाही, विमान नाही बघायचं. हां."

"काका, आईच्या दहाव्याचं कॅमेऱ्यातलं कार्ड पुसलं का?"

काकांनी तिच्याकडे न बघता बटण दाबलं. "पंधरा लग्नं झाली त्यानंतर."

"म्हणजे पुसलं?"

"दहाव्याचं कार्ड मी सव्वा महिना पुसत नाही. रोलच्या काळात धूतसुद्धा नव्हतो लवकर. माणूस अजून वाटेत असतं." ते काउंटरच्या आत वाकले. "काय करायचंय?"

"कॅमेऱ्याच्या वरच्या माइकचा आवाज आहे त्यात. तो मी छाटला नव्हता. दादाचा आवाज असणार."

"असंल."

"तुम्ही ऐकलंत ना, काका? तुम्ही तिथेच होता."

"मी डोळ्याचा माणूस. कानाचं तुझ्याकडे."

"बरं, डोळ्याचं सांगा. मी बोलल्यावर कावळा खांबावर गेला ना?"

"माझी चौकट पिंडापुरती होती."

"काका, चौकटीच्या बाहेर तुम्हाला दिसत नाही?"

"चाळीस वर्षं लग्नं काढतोय, बाई. चौकटीच्या बाहेर बघायला लागलो असतो तर किती घरं मोडली असती." ते हसले, आणि मग हसणं तोंडावर तसंच राहिलं. "तू गेल्यावर ते पाच मापांचं मी कोणाकडून करून घेऊ? मला तर मशीन चालू करतानाबी देव आठवतो. बघ, म्हणजे मला कोणी साक्षीला बोलावलं तर माझी साक्ष काही कामाची नाही. मला तू जायला नकोय."

तेवढं खरं तरी ते बोलले. कार्ड त्यांनी काउंटरवर ठेवलं, तिच्या बाजूला बोटभर सरकवलं, आणि त्या मुलीकडे वळले. "हां, आता कान दिसू दे. दोन्ही."

संध्याकाळी सहाला, म्हणजे दादाच्या सकाळी साडेआठला, हर्षालीने आबांना ओट्यावरून आत बोलावलं. कॉटवर लॅपटॉप, बाजूला फोनवर दादाचा चेहरा, गळ्यात कामावरचं ओळखपत्र. आत्या भिंतीला टेकून, पदर तोंडाशी. आबा खुर्चीच्या टोकावर, उठायच्या बेतात असल्यासारखे.

"काय दाखवतेस? मला निघायचंय, हर्षू."

"दाखवत नाही. ऐक."

न छाटलेला घाट खोलीत शिरला. चार गुरुजी एकमेकांवर मंत्र म्हणत होते, कोणाचं तरी पोर रडत होतं, लांब भोंगा वाजला. आत्याचं 'हर्षे, तू बोल'. मग हर्षालीचा आवाज, इथे अगदी लांबून आलेला. मग पंखांची फडफड, दूर जाणारी. आणि गर्दीतून कोणीतरी स्पष्ट म्हणालं, "गेला की रं खांबावर!"

आत्याने पदर खाली घेतला.

मग 'ज्ञानू, आता तूच रे बाबा'. मग तो पत्र्यासारखा आवाज. बारीक, पण प्रत्येक शब्द लागत होता. हुंदका. हर्षालीने बोटांवर मोजलं. आठ, नऊ, दहा. आणि घाट ओरडला, "शिवला! शिवला!"

तिने थांबवलं.

फोनमध्ये दादा पडद्याजवळ वाकला. मग म्हणाला, "मी... असं बोललो होतो?"

"हो."

"आणि लगेच आला?"

"दहा सेकंदांत."

"मला वाटलं, मी बोललो आणि काहीच झालं नाही." त्याने चष्मा काढला. "मी पडद्याकडे बघत बसलो. मनात म्हटलं, आईला माझा शब्द नकोच आहे. एवढ्या लांब गेलेल्याचा शब्द कशाला घेईल ती. चोवीस दिवस, हर्षू. मी हिला सुद्धा सांगितलं नाही."

हर्षालीने लॅपटॉप थोडा मागे सरकवला. तिला भांडण जिंकायचं होतं. हे तिच्या हिशेबात नव्हतं.

"चल, म्हणजे माझा शब्द आहे," दादा नाक पुसून म्हणाला. आवाज वेगळाच झाला होता, हलका. "मग पाळायला हवा. माझे कागद झाले की आबांचे करायला घेतो. आबा? याल ना? इथे बाग आहे मागे. छोटी आहे, पण आहे."

आबांनी फोनकडे पाहिलं.

"अरे, त्या बर्फात काय करतील ते?" आत्या उसळली. "आन् मळा? बायांना कोण सांगंल? गुलाब काय आपला आपण बाजारात जाईल का?"

"आत्या, मी आबांना विचारतोय."

"मीबी त्यांच्याच वतीनं बोलू राहिले. बोलत नाय ना तो, जलमापासून!"

"आबा, ठरवा आणि सांगा मला. मला मीटिंग आहे, मी निघतो. हर्षू..." तो थांबला. "थँक्यू गं." आणि चेहरा गेला.

सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. लॅपटॉपच्या कोपऱ्यात हैदराबादची मेल उघडीच होती, खाली उत्तराची रिकामी चौकट. हर्षाली खुर्चीसमोर, जमिनीवर बसली.

"आबा, तुम्ही नका जाऊ कॅनडाला. तुम्हाला तिथे करमणार नाही, मला माहितीये. इथेच राहा. आत्या आहे. मी महिन्यातून एकदा येईन, सणाला येईन. आईला चार वर्षं बघितलं, तुम्हाला काही झालं तर एका रात्रीत पोचेन. हो ना?"

आबा आपल्या हाताच्या तळव्याकडे बघत होते. काट्यांनी काळा पडलेला तळवा.

"मला तुमच्याकडून दुसरं काही नको. तुम्ही पिंडाच्या सगळ्यात जवळ होता. दादाचा आवाज तुम्ही त्याच दिवशी ऐकला होता. ऐकला होता ना?"

आत्याही आता भावाकडे बघायला लागली.

"कावळा खांबावर गेलेला तुम्ही मान वर करून पाहिला. मी बघत होते तुमच्याकडे. मग चार दिवस आम्ही दोघी इथे भांडतोय, तुम्ही त्या ओट्यावर बसून ऐकताय. एकदा तरी म्हणायचं ना, हर्षाली खरं बोलतेय म्हणून. का नाही म्हणालात?"

बाहेर कोणीतरी फुलांचे क्रेट एकावर एक रचत होतं. प्लास्टिकचा आवाज, मग शांतता, मग पुन्हा आवाज.

"आता आवाजपण ऐकवला. आता तर सगळ्यांना कळलंय." तिने घड्याळाकडे पाहिलं. "आबा, वीस मिनिटं राहिलीत. तुम्ही 'जा' म्हणालात तर मी जाते. 'राहा' म्हणालात तर, देवाशप्पथ, राहते, पुन्हा कधी काढणार नाही हा विषय. पण तोंडाने म्हणा. गप्प राहून नका मला ठेवून घेऊ. जा म्हणा, नाहीतर राहा म्हणा."

आबा उठले. खुंटीवरची टोपी काढली, झटकली, डोक्यावर घातली.

"आरं भिमा," आत्या म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात भांडण नव्हतं, "पोर काय विचारू राहिली तुला!"

त्यांनी पायाने चाचपत एक चप्पल शोधली, मग दुसरी. दारात क्षणभर थांबून चौकटीला हात लावला. मग पायरी उतरले, आणि मागे न बघता मळ्याकडे निघून गेले.